माळावरून बेटावर: अंदमानची राष्ट्रीय उद्यानं पहिल्यांदा बघायला निघताना

"अंदमानला चाललोय," असं सोलापुरात सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. सेल्युलर जेल बघणार ना? आणि तिकडं जेवणाचं काय? जंगल कुठलं बघणार, हे मला आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. आमच्या मामांनी तर सरळ विचारलं होतं, "समुद्रात कसलं आलंय बे राष्ट्रीय उद्यान? कुंपण कुठं घालतात?" प्रश्न थट्टेचा होता, पण वाईट नव्हता. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं ताडोबाची जीप येते, नाहीतर नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ. बोटीनं जायचं आणि तोंड पाण्यात घालून बघायचं असलं उद्यान, ही कल्पना सोलापुरात बसून करणं अवघडच. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण खूश असतो, आणि तिकडं तीन हजार मिलिमीटर पडतो.

मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला बहुतेक चुका करून झाल्या होत्या, त्यातली मोठी चूक क्रमाची. आपण आधी विमान बघतो, मग हॉटेल, आणि उरलेलं "तिथं गेल्यावर बघू". अंदमानच्या उद्यानांना हा क्रम चालत नाही. आधी कोणतं बेट कधी उघडं आहे ते बघायचं, मग परवान्याचा दिवस पक्का करायचा, त्याच्या पुढं एक दिवस मोकळा सोडायचा आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. मी परवाना न काढताच सकाळी साडेआठला, उद्यानाची बोट सुटते त्या वांडूरच्या जेटीवर जाऊन उभा राहिलो होतो. बोट डोळ्यांदेखत सुटली. जेटीवरच्या माणसानं हिंदीत समजूत घातली, "कल आ जाइए." मग त्यालाच आठवलं की उद्या सोमवार, आणि सोमवारी उद्यान बंद.

कुठलं उद्यान घ्यायचं, कुठलं सोडायचं

यादीत उद्यानं बरीच आहेत, पण पहिल्या खेपेला कामाची तीनच. वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान हे पहिलं. 1983 साली झालेलं, सुमारे 281 चौरस किलोमीटरचं, पंधरा बेटं आणि त्यांच्यामधला समुद्र मिळून. दुसरं, पोर्ट ब्लेअर शहराच्या समोरच्या डोंगरावरचं माउंट हॅरिएट, ज्याचं नाव 2021 पासून माउंट मणिपूर आहे. तिसरं, पार उत्तरेला दिगलीपूरजवळचं सॅडल पीक. (खुद्द पोर्ट ब्लेअरचं नावही 2024 साली श्री विजयपुरम झालं. तिकिटावर आणि पाट्यांवर नवं नाव दिसलं तर गोंधळू नका. बोलताना लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही तेच लिहितो.)

राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान रिची द्वीपसमूहात आहे. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, जाताना तुम्ही त्याच्याच आसपासच्या पाण्यातून जाता, तेवढं पुरे. ग्रेट निकोबारमधली कॅम्पबेल बे आणि गॅलाथिया ही दोन उद्यानं डोक्यातून काढून टाका. तिथं जायला वेगळे परवाने लागतात आणि ते हौशी पर्यटकासाठी नाहीत.

सहा रात्री हातात असतील तर वांडूर आणि माउंट मणिपूर आरामात होतात, वर स्वराज द्वीपच्या दोन रात्रीही बसतात. सॅडल पीक हवं असेल तर आणखी किमान तीन दिवस काढा. "पाच दिवसांत सगळं" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला एवढंच विचारा, की त्यात सोमवार कुठं येतो आणि बोट रद्द झाली तर काय. उत्तर देताना तो अडखळला की काय ते समजा.

महिना बघा, मग तिथी बघा

जानेवारीत गड्ड्याची यात्रा सोडून अस्सल सोलापूरकर बाहेरगावी जाणार नाही, हे मी गृहीत धरतो. सुदैवानं समुद्रालाही ते मानवतं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत वारा पडलेला असतो आणि पाणी चांगलं नितळ असतं. शाळांच्या परीक्षांमुळं एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जाणारी कुटुंबं असतात, तेही चालतं, फक्त घामाची तयारी ठेवा. आपला 42 अंशांचा कोरडा उन्हाळा सावलीत बसून काढता येतो. तिथला 32 अंशांचा दमटपणा सावलीतही सोडत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून मात्र बेत नकोच. मोसमी पाऊस केरळात पोचण्याआधी अंदमानात पोचतो.

वांडूरच्या पंधरा बेटांपैकी पर्यटकांसाठी दोनच उघडी असतात, तीही आळीपाळीनं: साधारण डिसेंबर ते मे जॉली बॉय आणि उरलेले महिने रेड स्किन. प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून ही पाळी. नेमक्या तारखा वनखातं जाहीर करतं, त्या बघूनच विमानाचं तिकीट काढा. दोन्हीत जॉली बॉय सरस, यात वाद नाही.

आता तिथीचं. ही गोष्ट मला पहिल्या खेपेला कुणी सांगितली नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, प्रवाह वाढतो आणि तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे चढउतार कमी आणि पाणी शांत. पोहायला नवख्या माणसासाठी हाच दिवस चांगला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिथीचं कॅलेंडर टांगलेलं असतंच. एकादशीसाठी बघता तसं यासाठीही बघा.

जायचं कसं, आणि सूर्य कधी मावळतो

सोलापूरकराला दोन रस्ते सोयीचे. मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनावरून जातात. रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी चेन्नई, आणि तिथून दोन-सव्वादोन तासांचं विमान. किंवा बसनं हैदराबाद गाठून तिथून विमान. मी चेन्नईचा रस्ता घेतो, कारण गाडी उशिरा आली तरी हाताशी दिवस असतो. पहाटेच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळीच शहरात पोचा, गाडीवर भरवसा ठेवून त्याच दिवशीचं विमान धरू नका. चेन्नईहून जहाजही आहे. त्याला अडीच-तीन दिवस लागतात. रजा भरपूर आणि पोट दणकट असेल तरच.

अंदमानला जायला भारतीय नागरिकाला वेगळी परवानगी लागत नाही. आधार कार्डाच्या चार-पाच झेरॉक्स मात्र कागदी पिशवीत घालून न्या. उद्यानाचा परवाना, बोटीचं तिकीट, चेकनाका, प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी प्रत मागतं, आणि बेटावर झेरॉक्सचं दुकान शोधण्यात सकाळ जाते.

एक गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्यापेक्षा सुमारे सतरा अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच, भारतीय प्रमाणवेळेचं. त्यामुळं सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. हिवाळ्यात पाच वाजताच दिवेलागण. सोलापुरात दुपारी झोप काढून पाचला कंबर तलावावर फिरायला निघणाऱ्या माणसाचे इथं सगळे हिशेब चुकतात. दिवसाचं काम पहाटे पाचला सुरू करा, दोन-अडीचला आटपा. जंगलातून चारच्या आत बाहेर पडायचं असं ठरवून टाका.

घरीच करायची तयारी

निघण्याआधी महिनाभर दोन कामं करा. पैसे फारसे लागत नाहीत.

पहिलं काम पाण्यातलं. मास्क आणि नळी, म्हणजे स्नॉर्कल, स्वतःची घ्या. तिथं भाड्यानं मिळते, पण शंभर तोंडांतून फिरलेली नळी आपल्या तोंडात घालायची हा ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न. मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलकासा श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशा असतील तर तिथूनच पाणी शिरतं. मिशांवर थोडं व्हॅसलीन लावलं की काम भागतं. माझ्या मेहुण्यानं त्यासाठी मिशा काढल्या, आणि मग चार दिवस घरात कुणी त्याच्याकडं धड बघेना. चष्मा असेल तर नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, नाहीतर हजारो रुपये खर्चून धुरकट समुद्र बघून याल.

मग पोहण्याच्या तलावात जा आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसतं तोंड बुडवा. नाकानं श्वास घ्यायची सवय मोडून तोंडानं, लांब आणि सावकाश घ्यायचा. नळीत पाणी शिरलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही. फुंकणीनं चूल फुंकतात तशी एक जोरात फुंकर मारायची, पाणी उडून जातं. आपल्याकडं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले लोक पोहण्यात तरबेज असतात, पण त्यांना सगळा जोर हातापायांत लावायची सवय असते. समुद्राचं खारं पाणी माणसाला आपोआप वर उचलतं. तिथं लाइफ जॅकेट घालून निपचित पडून राहायचं असतं. हे "काही न करणं" शिकायलाच आठ-दहा खेपा लागतात.

दुसरं काम माळावरचं. हिवाळ्यात दोन सकाळी नान्नजला जा. गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. माळढोक दिसण्याची आशा धरू नका. ज्या पक्ष्यासाठी 1979 साली हे अभयारण्य झालं, तो आता जवळपास नाहीसा झालाय. पण काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा दिसेल, आणि एका जागी तासभर न बोलता बसायची सवय होईल. अंदमानच्या जंगलात वाघ नाही, बिबट्या नाही, मूळचं माकडसुद्धा नाही. मूळच्यांपैकी मोठ्यात मोठा रानटी प्राणी म्हणजे रानडुक्कर. तिकडं जे बघायचं ते पानांत, सालींत आणि पाण्यात असतं. त्याला जीप पळवून उपयोग नाही, नजर बसावी लागते.

नान्नजहून येताना आपल्याकडचे भारद्वाज आणि कोतवाल हे पक्षी नीट बघून ठेवा. अंदमानात त्यांचे चुलतभाऊ भेटतात, जगात दुसरीकडं क्वचितच सापडणारे. तिथल्या भारद्वाजाचं डोकं आणि अंग काळं नाही, फिकट तपकिरी असतं. टकाचोर आहे, सर्पगरुड आहे, आणि अंगानं कोळशासारखा काळा सुतार पक्षीही. घरचा पक्षी ओळखता आला की तिथला वेगळेपणा पटकन डोळ्यात भरतो.

वांडूरचा दिवस

परवाना आधी काढलेला असेलच. पोर्ट ब्लेअरहून वांडूर पंचवीस-तीस किलोमीटर. साडेसहाला निघा. वाटेत सिप्पीघाट लागतो, तिथं गाडी जरा हळू घ्यायला सांगा. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि इथली शेतं कायमची पाण्याखाली गेली. उत्तरेकडं नेमकं उलटं झालं. तिथली जमीन उचलली गेली आणि प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेलं. त्सुनामीच्या लाटेच्या बातम्या आपण सगळ्यांनी ऐकल्या, जमीन वरखाली झाल्याचं फारसं कुणी बोललं नाही.

जेटीवर वनखात्याची तपासणी असते, आणि ती मनापासून होते. प्लास्टिकची पिशवी, वेफर्सची पुडी, बिस्किटांचं वेष्टण, काहीही चालत नाही. पाण्याची बाटली नेली तर मोजतात, अनामत रक्कम घेतात, आणि परत येताना बाटली दाखवली की पैसे परत. बेटावर दुकान नाही, टपरी नाही, राहायची सोय नाही. इथं सोलापूरकराला थोडी मिजास करता येते. स्टीलच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि स्टीलची बाटली. भाकरी न खराब होता आठवडाभर टिकते, वेष्टण लागत नाही, आणि बोटीतले इतर लोक केकची पाकिटं सोडून कागदात गुंडाळत बसलेले असताना आपण निवांत. चटणी खाऊन लगेच मास्क लावू नका एवढंच. ते कसं कळलं ते विचारू नका.

अंगात पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा शर्ट असू द्या. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात, शिवाय पोहताना पाठ जळते ती कुठलंही मलम लावलं तरी जळतेच. कापड बरं. टॉवेल आपला सोलापुरीच न्या, हॉटेलचा बाहेर नेऊ देत नाहीत.

बोट लागण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्या, पोट रिकामं ठेवू नका आणि बोटीच्या मधोमध, नजर क्षितिजावर ठेवून बसा. मोबाइलमध्ये डोकं घातलं की संपलं. पहिला अर्धा तास बोट खारफुटीच्या काठानं, बेटांच्या मधून जाते आणि पाणी तळ्यासारखं शांत असतं. इथं फोटो काढत बसण्यापेक्षा काठाकडं बघा. खारफुटीच्या मुळांवर खंड्या बसलेला असतो. मग उघडा समुद्र लागतो आणि गप्पा आपोआप थांबतात.

जॉली बॉयला जेटी नाही. मोठी बोट लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्याला नेतात. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आई-वडिलांना हे आधी सांगा. पण न्या जरूर. काचेच्या तळातून खाली बघायला पोहता येण्याची गरज नाही. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर आली ती सत्तरीत. ती त्या काचेला नाक लावून बसली, आणि फेरी संपल्यावर नावाड्याला म्हणाली, "दादा, अजून एकदा फिरवता का?" त्यांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी फिरवलं.

आता पाण्यात. तुमच्याबरोबर बेटावरचा मार्गदर्शक असतो, त्याच्यापुढं जाऊ नका. मास्कच्या काचेला आतून थुंकी लावून खंगाळा, म्हणजे वाफ धरत नाही. ऐकायला घाण वाटतं, पण जगभर हेच करतात. तोंड पाण्यात घातलं की पहिली दोन मिनिटं काहीच नीट दिसत नाही, कारण छाती धडधडत असते. थांबा. श्वास लांबला की दिसायला लागतं.

दिसणार काय, याबद्दल खरं सांगतो, नाहीतर निराशा होते. जाहिरातीतला लाल-जांभळा बगीचा डोळ्यांसमोर असेल तर तो विसरा. जिवंत प्रवाळ बहुतेक ठिकाणी तपकिरी, पिवळट, मळकट हिरवं असतं. सांबराच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं एक, अक्रोडाच्या गरासारखं वळ्यावळ्यांचं दुसरं. हे दगड नाहीत आणि झाडंही नाहीत, हजारो बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेली वसाहत आहे. त्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला देतं. पाणी नेहमीपेक्षा तापलं की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. अंदमानात 2010 साली असा मोठा फटका बसला, 1998 आणि 2016 लाही बसला होता. त्यामुळं पांढराशुभ्र तुकडा दिसला तर "काय सुंदर" म्हणू नका, तो आजारी आहे किंवा मेलेला. आणि मंगळाच्या अंगठीत घालतात ते लाल पोवळं या जातीचं नव्हे, ते इथं शोधू नका.

तपकिरी रंगाला डोळा सरावला की मग बाकीचं उलगडतं. निळ्या ओठांचा मोठा शिंपला तुमची सावली पडताच मिटतो. समुद्रफुलाच्या बोटांमध्ये नारिंगी-पांढरा मासा आपलं घर राखत उभा असतो. पोपटमासा चोचीनं प्रवाळ कुरतडतो, आणि कान पाण्यात असल्यामुळं तो कडकड आवाज खरोखर ऐकू येतो. कुरतडलेलं पचवून तो बारीक वाळू मागं सोडतो. तुम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर टॉवेल पसरलाय, तिच्यातली बरीचशी अशीच तयार झालेली. ही माहिती मी मामांना दिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रवाळावर पाय ठेवू नका, मग दम लागो की पेटका येवो. पाठीवर उलटून तरंगा आणि हात वर करा. बोटानं टोचूनही बघू नका. प्रवाळ ब्लेडसारखं कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. आणि मगरीच्या चित्राची पाटी लावलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. वांडूरच्या किनाऱ्यावर अशी पाटी आहे. सांगलीच्या कृष्णेत दिसते ती मगर वेगळी, ही खाऱ्या पाण्यातली आकारानं खूप मोठी असते आणि समुद्रातून एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जाते. "आपण लांबच आहोत" हा अंदाज इथं करायचा नाही.

दुपारी बोट परत निघते. समुद्र खवळला म्हणून बोट रद्द झाली तर हुज्जत घालू नका. त्यासाठीच तो मोकळा दिवस ठेवायला सांगितला.

माउंट मणिपूर

जुनी लालसर विसाची नोट आठवते? तिच्या मागचं नारळाच्या झाडांचं आणि दीपगृहाचं चित्र या डोंगराच्या वाटेवरून दिसतं. (आताच्या हिरवट-पिवळ्या नोटेवर आपलं वेरूळ आहे.) एखादी जुनी नोट घरात सापडली तर खिशात ठेवा, पोरांना तिथं उभं करून जुळवायला मजा येते.

चॅथमच्या जेटीवरून बांबूफ्लॅटला गाड्या नेणारी बोट जाते. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडं. रस्त्यानं वळसा घालून गेलात तर चाळीसेक किलोमीटर जास्त पडतात, त्यामुळं पहाटेची बोट धरा. डोंगर 383 मीटरचा. गाडी वरपर्यंत जाते आणि म्हणूनच लोक फसतात: वर जातात, फोटो काढतात, अर्ध्या तासात खाली. गाडी वर सोडा आणि काला पत्थरच्या पायवाटेनं चालत जाऊन या, जाऊन-येऊन चारेक किलोमीटर. पडौकची झाडं बघा, ज्याच्या तांबड्या लाकडासाठी चॅथमची आरागिरणी 1883 पासून चालू आहे. झाडांच्या बुंध्यांना तक्त्यांसारखी आधारमुळं फुटलेली असतात, माणूस मागं उभा राहिला तर दिसत नाही. वाटेत केवड्याची बनं लागतात. पाऊस पडून गेला असेल तर जळवा असतात. मोज्यात पँट खोचा आणि थोडं मीठ बरोबर ठेवा.

नाव मणिपूर का? 1891 च्या युद्धानंतर मणिपूरच्या महाराजा कुलचंद्र आणि त्यांच्या साथीदारांना याच भागात हद्दपार करून ठेवलं होतं. त्याआधीची एक गोष्ट याच डोंगराच्या पायथ्याशी, होपटाऊनला घडली. 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो सूर्यास्त बघून खाली आले, आणि जेटीवर शेर अली आफ्रिदी या कैद्यानं त्यांना भोसकलं. चार हुतात्म्यांच्या गावचा माणूस सेल्युलर जेलमध्ये डोकं टेकवतो ते बरोबरच, पण ही जागा बघायलाही दहा मिनिटं काढा.

सॅडल पीक: हौस असेल तर

732 मीटर. अंदमानातलं सगळ्यात उंच टोक. ऐकायला काहीच नाही, सोलापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे. पण आपण इथं उभे आहोत ते पठारावर. तिथं चढाई सुरू होते ती अगदी वाळूतून, लामिया बेच्या किनाऱ्यावरून. एका बाजूनं आठेक किलोमीटर, आधी किनाऱ्यानं आणि जंगलातून सपाट, मग उभा चढ. दमटपणानं तीन लिटर पाणी कुठं जातं कळत नाही. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, स्थानिक वाटाड्या घ्या, सहाच्या आत निघा. बारापर्यंत माथा आला नाही तर तिथूनच मागं फिरा.

कालीपूरला मुक्काम करा. डिसेंबर ते फेब्रुवारीत तिथल्या किनाऱ्यावर रात्री कासविणी अंडी घालायला येतात. वनखात्याच्या माणसांबरोबरच जा, टॉर्च आणि फ्लॅश बंद.

दिगलीपूर पोर्ट ब्लेअरहून तीनशेच्या आसपास किलोमीटर, रस्त्यानं दहा-बारा तास. हा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा करून ठरलेल्या वेळी सोडतात. मध्ये गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं गुन्हा आहे, आणि तुरुंगाची तरतूद आहे. "जारवा दिसतील का हो?" असं गाडीत कुणी विचारलं तर त्याला खिडकीपासून उठवून मधल्या सीटवर बसवा. आपल्या गल्लीतून बसभर अनोळखी लोक रोज काचेला नाक लावून आपल्याला बघत गेले तर कसं वाटेल, एवढा विचार पुरे. हा रस्ताच नको असेल तर दिगलीपूरच्या एरियल बेला सरकारी बोटही जाते. मी पुढच्या वेळी तीच घेणार आहे.

परतताना

विमानतळावर सामान तपासताना शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे शोधतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच पंक्तीला आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. लहान मुलांचे खिसे हॉटेलातच उलटे करून बघा. माझ्या भाचीच्या फ्रॉकमधून सात शिंपले निघाले, आणि एकात खेकडा होता, चालता. सकाळी सहाला रिक्षा करून दोघं परत किनाऱ्यावर जाऊन त्याला सोडून आलो.

घरी आल्यावर मास्क आणि नळी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवावी लागते, नाहीतर मिठानं रबर तडकतं. आपल्याकडं हे काम नळाला पाणी येईल त्या दिवसावर ठेवा.